चाळीस मिनिटांच्या आत

कुकरची पहिली शिट्टी साडेसात मिनिटांनी होते. तांदूळ भिजवलेला असेल तर सहा.

*

नारिंगी टी-शर्ट. पाठीवर छापलंय : चाळीसच्या आत काय न्हाय.

*

तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाची तक्रार, सोसायटीच्या ग्रुपवर : सकाळी साडेनऊपासून जिन्यात कुणीतरी सारखं वरखाली करतंय. चोर असता तर इतक्यांदा आला नसता.

*

चौतीस डबे. त्यांतले चार बिनतिखटाचे. खाणारे पुण्याचे.

*

बोट टोचायचं तर बाजूनं टोचायचं. मधोमध टोचलं की दिवसभर भाजी चिरताना कळ येते.

*

निळ्या पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर. हजर असेल तर ह, गैरहजर असेल तर गै.

*

८.४

*

हे सगळं एका बाईभोवतीचं. तिचं नाव रूपाली, वय बावन्न. रंकाळ्याजवळच्या मंगळवार पेठेत, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचं घर आहे आणि त्या घरातल्या स्वयंपाकघरातून अकरा वर्षं ती डबे देते. नोकरदार पोरं, नर्सिंगच्या मुली, एक विधुर वकील, असे चौतीस जण तिच्या हातचं खाऊन दुपारची झोप आवरतात. नवऱ्याचं नाव प्रसेनजीत. तीस वर्षं हायस्कुलात खेळाचा मास्तर होता, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. गळ्यातली शिट्टी मात्र रिटायर झालेली नाही. पेठेतली निम्मी माणसं त्याच्या हाताखालून गेलेली; त्यामुळं भाजीवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळे त्याला सर म्हणतात, आणि सर म्हणताना आवाज थोडा खाली आणतात.

८.४ ही रूपालीची तीन महिन्यांची साखर. मार्चच्या शेवटी निघालेली.

डॉक्टर मनाली म्हणाली, "गोळ्या आता वाढवायला जागा नाही, काकू. अजून तीन महिने बघू. सातच्या आसपास आली तर ठीक. नाहीतर इन्सुलिन."

"सुई?"

"रोज दोनदा. आणि टोचली की अर्ध्या तासात खायचं. वेळेवर. त्यात मागंपुढं चालत नाही."

सुईचं रूपालीला फार काही वाटलं नाही. पुढचं वाक्य तिला बसलं. चौतीस माणसांना बाराच्या ठोक्याला जेवू घालणारी ही बाई अकरा वर्षांत तीनच्या आत कधी जेवली नव्हती. सकाळचा नाष्टा म्हणजे भाकरीचा फुटलेला तुकडा, तोही उभ्यानं, तोही राहिला तर. भाजी फोडणीला पडलेली असताना ताट वाढून घ्यायचं, सोनूबाईला थांबवायचं, डबेवाल्याला खाली ताटकळत ठेवायचं, हे तिला डोळ्यांसमोर आणताच येईना. आणि नाही खाल्लं तर? तिच्या माहितीतली एक बाई अशीच सुई घेऊन कामाला लागली आणि शेगडीवर पडली होती.

"मग काय करू?"

"व्यायाम. दम लागेल असा. छाती जरा धडधडली पाहिजे. कार्डिओ म्हणतात त्याला."

"किती वेळ केला म्हणजे लागू पडतो?"

मनालीनं दाराकडं बघितलं. बाहेर बारा पेशंट होते. ती हसली. "मला काय विचारताय काकू? घरात सर आहेत की. आम्ही पळायला शिकलो ते त्यांच्या शिट्टीवर."

रूपालीनं सरांना विचारलं नाही. सरांना विचारलं की उत्तर मिळायचं, आणि एकदा उत्तर मिळालं की ते पाळावं लागायचं.

*

तिनं जिना धरला.

भाताचा कुकर चढवायचा, गॅस मोठा करायचा, पदर खोचायचा आणि दार लोटून खाली उतरायचं. चोपन्न पायऱ्या. खाली पोचलं की वर. परत खाली. कुकर जुना आणि मोठा, शिट्टी तळमजल्यापर्यंत ऐकू यायची. तिसरी झाली की वर येऊन गॅस बंद. दहा-अकरा मिनिटं होत. मग डाळीचा कुकर. मग उसळीचा. दुपारी जेवण झालं की चौथी फेरी, बिनकुकरची.

सोनूबाई भाकऱ्या थापायला यायची. शिरोळकडची, साठीची, जिभेला हाड नसलेली. पहिल्या दिवशी तिनं दोनदा मान वळवून बघितलं, तिसऱ्यांदा परातीतला हात थांबवला.

"ताई, खाली काय इसरलंय काय सारखं?"

"व्यायाम करतीया."

"आता गं बया. आन् ह्यो काय?" सोनूबाईनं पिठाचा हात वर केला. "मी पाच किलोचं पीठ मळतीया, सत्तर भाकरी थापतीया, हे काय झोपा काढणं हाय?"

"ह्यानं छाती धडधडत न्हाय, सोनूबाई."

"माझी धडधडतीया की. पगाराच्या तारखंला."

दोघी हसल्या. आठ दिवसांनी सोनूबाईच शिट्ट्या मोजायला लागली. "जावा जावा, अजून दुसरी हाय," असं ओरडून ती रूपालीला अर्ध्या जिन्यातून परत खाली पाठवायची.

फ्रिजशेजारी डेअरीनं दिलेलं कॅलेंडर होतं. रूपाली घरच्या मशीनवर साखर बघायची, जेवणानंतर दोन तासांनी, आणि आकडा त्या तारखेच्या चौकोनात लिहायची. २४१. २२६. २३०. २०४. १९१. एप्रिलच्या शेवटच्या चौकोनात तिनं १७८ लिहिलं आणि पेन खाली ठेवून ते उगाच दोनदा वाचलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला काही वाटतही नव्हतं. कुकर होईपर्यंत जिन्यात फिरणं, यात सांगायचं काय?

*

मेच्या तीन तारखेला प्रसेनजीत बँकेतून लवकर परत आला आणि दुसऱ्या मजल्यावर त्याची बायको त्याच्या अंगावरून खाली गेली. कपाळावर घाम, हातात काही नाही.

"अगं, कुठं निघालीस?"

"कुठं न्हाय. आलेच." ती खाली जाऊन वर आली तरी तो तिथंच उभा. "सरा की बाजूला. दुसरी शिट्टी झाली."

"हे काय चाललंय?"

"व्यायाम."

"किती मिनिटं?"

"तीन शिट्ट्या."

तो हसला. वाईट हसला नाही. वर्गातलं बारकं पोर चुकीचं पण गोड उत्तर देतं तेव्हा मास्तर हसतो तसं. घरात आल्यावर त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं आणि समोर उभा राहून सांगायला लागला. उभा राहिल्याशिवाय त्याला सांगता येत नसे.

"हे बघ. पयली वीस मिनिटं शरीर नुसतं जागं होतं. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो का न्हाय? रक्तातलं वरवरचं जळतं, बास. खरं काम सुरू होतं विसाव्या मिनिटाच्या पुढं, आणि चाळिसाव्याला त्याला अर्थ येतो. मधी थांबलीस की शून्य. परत पयल्यापास्नं. तू दहा मिनिटांत थांबतीस म्हणजे रोज इंजिन गरम करून बंद करतीस. पेट्रोल जातं, गाडी न्हाय जात."

"पण साखर उतरलीया. एकशे अठ्ठ्याहत्तर."

"ती गोळ्यांनी. आणि तू भात सोडलास की." त्यानं तिच्या गुडघ्याला हात लावला. "जिन्यानं गुडघं जातील. मग काय करशील? मला आधी सांगायचं न्हाईस काय? गावाला शिकवतोय आणि घरात हे."

त्याच्या आवाजात माया होती. ती नसती तर रूपाली भांडली असती.

आणि त्याच्याकडं आकडा होता. वीस, चाळीस, शून्य. तिच्याकडं शिट्ट्या होत्या. आकडेवाल्या माणसापुढं शिट्टीवालं माणूस गप्प बसतं; त्यातून तो आकडा तीन वर्षं रोज सकाळी रंकाळा तलावावर त्याच्या शिट्टीवर चालणारी साठ माणसं पाळत होती. मोठी मोठी माणसं. त्यांचे टी-शर्ट छापले होते. खोटं असतं तर छापलं असतं का?

संध्याकाळी तो बूट घेऊन आला. तिच्या मापाचे, जांभळे, चांगले भारीतले. तिनं घालून बघितले. बरोबर बसले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला कुकर चढला. सोनूबाईनं दाराकडं बघितलं. "जायाचं न्हाय व्हय?"

"त्याचा उपयोग न्हाय," रूपाली म्हणाली. "ते मोजतच न्हाईत."

*

निळ्या रजिस्टरातून. नाव : सौ. रूपाली प्रसेनजीत. (रोजच्या नोंदी आहेत, इथं मोजक्याच दिल्या आहेत.)

६ मे. १४ मि. पोटरीत गोळा. गै.
१२ मे. ० मि. बुद्ध पौर्णिमा, घरी खिरीचे चौतीस डबे. गै.
१९ मे. २६ मि. सिलिंडरवाला दारात, फोन. गै.
२८ मे. ३१ मि. सोनूबाईची सून बाळंत, येणार नाही असा फोन. गै.
७ जून. २२ मि. पावसात निसरडं म्हणून थांबल्या. बाकीचे थांबले नाहीत. गै.
१५ जून. ३३ मि. दूध नासलं, फोन. गै.
१६ जून. फोन घरी ठेवून आल्या. १८ मि. फोन नाही म्हणून काळजीनं परत गेल्या. गै.

अक्षर प्रसेनजीतचं, सुवाच्य. एकाही नोंदीत खाडाखोड नाही.

*

चोवीस जूनचं तेवढं सांगायला हवं.

त्या दिवशी ती पहाटे साडेतीनला उठून अर्धा स्वयंपाक करून आली होती. पावणेसहाला शिट्टी झाली आणि साठ नारिंगी पाठी हलल्या. रंकाळ्याच्या कडेनं ती झपाझप चालत होती, मध्ये मध्ये पळत होती. विसाव्या मिनिटाला दम लागला, तिसाव्याला कमी झाला. पस्तिसाव्याला बरोबरच्या बायकांनी तिच्याकडं बघून अंगठा दाखवला. वळणावर प्रसेनजीत उभा होता, एका हातात घड्याळ, काखेत रजिस्टर. तो रोज तिथंच उभा असायचा.

बूट नवे, नाड्या गुळगुळीत. डाव्या पायाची सुटली आणि उजव्या पायाखाली आली. पडायच्या आत ती थांबली, वाकली, गाठ मारली आणि उठली. पाच सेकंद. फार तर सहा.

शिट्टी वाजली.

"एकोणचाळीस," प्रसेनजीत म्हणाला. "थांबल्या."

"नाडी सुटली हो."

"दिसलं मला."

धैर्यशील म्हणून एकजण तिथून चालला होता. फरशीचा मोठा व्यापारी, वजनानंही मोठा, पण मनानं सैल. तो म्हणाला, "सर, सोडा की एक मिनिट! वहिनीच हायत, परकं कोण हाय?"

"म्हणूनच," प्रसेनजीत म्हणाला. "घरच्या माणसाला सूट दिली तर उद्या तुमाला कुठल्या तोंडानं सांगू?"

धैर्यशीलनं दोन्ही हात वर केले. "मानलं सर तुमाला. नाद न्हाय!" आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. चालता चालताच, कारण थांबलं की त्यांचंही शून्य झालं असतं.

रूपाली वळणावरच्या कट्ट्यावर बसली. टाळ्या नेमक्या कशासाठी आहेत हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिला घरच्या अर्ध्या स्वयंपाकाची आठवण झाली आणि ती उठली. रंकाळ्यापासून घरापर्यंत ती चालत गेली, भरभर, मध्ये कुठंही न थांबता. पंचवीस मिनिटं लागली. ती कुठंच लिहिलेली नाहीत.

*

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आकडा आला. ९.३.

मनालीनं तो दोनदा वाचला. "काकू, घरची नोंद आणलीय?"

रूपालीनं मोबाइलवर काढलेले कॅलेंडरचे फोटो पुढं केले. मनालीनं एप्रिलचं पान मोठं केलं आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, हे तर झकास आहे! एप्रिलमध्ये काय करत होता तुम्ही?"

"जिना."

"म्हणजे?"

"कुकर होईपर्यंत जिना चढायचा-उतरायचा. दहा दहा मिनिटं. चार वेळा."

"मग मेमध्ये काय झालं?"

रूपालीनं शेजारी बघितलं. प्रसेनजीतनं पिशवीतून निळं रजिस्टर काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि टेबलावर मनालीकडं तोंड करून ठेवलं.

"मे आणि जूनची रोजची नोंद हाय. मी स्वतः घेतलीया. एकदाबी चाळीस झालेलं न्हाय."

"चाळीस कशाला, सर?"

"त्याच्या आत काय होत न्हाय."

मनालीनं पेन उचललं, परत ठेवलं. "तसं… आता तसं मानत नाहीत, सर. दहा दहा मिनिटांचे तुकडेसुद्धा धरतात. त्याहून लहान असले तरी चालतात. आठवड्याची सगळी मिळून बेरीज बघायची. आणि जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तर साखरेला ते फारच…"

"कोण म्हणतं?"

"सगळेच, सर."

"म्हणजे तुमाला ग्राउंडवर मी जे शिकवलं ते चूक?"

भिंतीवर मनालीच्या दोन पदव्या फ्रेममध्ये होत्या. बाहेर तिच्या नावाची पितळी पाटी होती. ती छत्तीस वर्षांची होती आणि तिच्या एका सहीवर माणसं दवाखान्यात भरती होत, घरी जात. ती खुर्चीत थोडी सरळ झाली. ग्राउंडवर रांगेत उभं राहताना व्हावं तशी.

"तसं नाही, सर," ती म्हणाली.

रूपाली बघत होती. तिचे दोन महिने टेबलावर उघडे पडले होते आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन माणसं एकमेकांचा मान राखत बसली होती.

"हे मला मार्चमध्येच का सांगितलं न्हाईस?" तिनं विचारलं. इतकी वर्षं ती डॉक्टरला अहो-जाहो करत आली होती.

मनाली लाल झाली. "मला वाटलं, सर सांगतील."

"मी इचारलं ते तुला. किती वेळ, म्हणून."

"हो, काकू."

"बारा पेशंट होते बाहेर."

मनालीनं चिठ्ठी ओढली आणि इन्सुलिन लिहिलं. सकाळी नाष्ट्याच्या आधी, रात्री जेवणाच्या आधी. पुढं कंसात तिनं अक्षर मोठं काढून लिहिलं : वेळेवर खाणे.

प्रसेनजीतनं रजिस्टर मिटून पिशवीत घातलं.

दोघं स्कूटरवरून घरी निघाली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं मान थोडी मागं वळवली. "पुस्तकं बदलत असतात. शरीर बदलत न्हाय. तुझी चिकाटी कमी पडली, दुसरं काय न्हाय." सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले म्हणून तिला बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. आणि हॉर्न थांबले तेव्हा काय बोलायचं होतं ते तिला लिहून ठेवावंसं वाटलं, पण लिहायला रजिस्टर त्याच्याकडं होतं.

घरी आल्यावर त्यानंच फ्रिजच्या दारातला एक खण धुऊन पुसून कोरडा केला आणि इन्सुलिन तिथं तारखेप्रमाणं लावलं. तिच्या मोबाइलवर दोन गजर लावून दिले. म्हणाला, "मी टोचून देऊ काय रोज?"

"नको."

"भीती वाटत असंल तर…"

"नको म्हणाले न्हवं."

सोनूबाई भाकरी उलटत होती. तिनं तव्याकडं बघतच विचारलं, "चढली व्हय साखर?"

"चढली."

"जिना काय वाईट न्हवता," सोनूबाई म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

*

सूचना, 'चाळीस मिनिटे परिवार' ग्रुपवर :

येत्या रविवारी आपला तिसरा वर्धापनदिन. व्यायाम नेहमीप्रमाणे. नंतर पटांगणातल्या मंडपात सरांचे मार्गदर्शन व सत्कार. ठीक आठ वाजता नाष्टा (पोहे, शिरा, चहा). नाष्टा सौ. वहिनींच्या मेसचा. टी-शर्ट सक्तीचा. आपला, धैर्यशील.

(खाली एकसष्ट अंगठे. एक रूपालीचा.)

*

रविवारी पाऊस रिपरिप होता. मंडपाच्या एका कोपऱ्यात लांब टेबल, टेबलावर पोह्यांची दोन मोठी पातेली, शिऱ्याचं एक. टेबलामागं रूपाली आणि सोनूबाई. आठला सात मिनिटं कमी असताना रूपाली मंडपाच्या मागं गेली, पाठ फिरवून उभी राहिली, पोटाला सुई टोचली आणि परत येऊन पातेल्यावरचं ताट सारखं केलं. आठला नाष्टा, म्हणजे हिशेब बरोबर जमत होता.

आठला सत्काराचा नारळ सापडेना. आठ पाचला सापडला. मग शाल झाली. मग धैर्यशील बोलला, लांबलचक, आणि त्यात तो दोनदा गहिवरला. आठ वीसला प्रसेनजीत माइकपुढं उभा राहिला.

तो चांगलं बोलायचा. शरीर, शिस्त, शाळेतल्या आठवणी. माणसं हसत होती, माना डोलावत होती. रूपाली घड्याळाकडं बघत होती. तिच्या तळव्यांना घाम सुटायला लागला होता. तो सुईचा की भीतीचा, हे तिला अजून ओळखता येत नव्हतं.

"लांबचं कशाला," प्रसेनजीत म्हणाला, "माझ्याच घरातलं सांगतो. लपवायचं काय त्यात? दोन महिने माझ्या मिसेस हितं आल्या. एकदाबी चाळीस झालं न्हाय. एकदा एकोणचाळीस झालं. एकोणचाळीस! आणि तीन महिन्यांची साखर किती आली? नऊ पॉइंट तीन. आता सुई लागली. मी काय त्यांना दोष देत न्हाय. पण एका मिनिटाची किंमत काय असते, हे ज्याला बघायचं असंल त्यानं तिकडं बघा."

साठ माणसं वळली आणि टेबलाकडं बघायला लागली. काही चेहऱ्यांवर खरोखरचं वाईट वाटलेलं होतं. सोनूबाईच्या हातातला डाव पातेल्यावर आपटला.

रूपालीनं पदराला हात पुसले. "सर," ती म्हणाली. ती त्याला कधी सर म्हणत नसे, त्यामुळं सगळ्या मंडपानं कान टवकारले. "तुमची हजेरी कुठल्या पानावर हाय?"

प्रसेनजीतला प्रश्न कळला नाही. धैर्यशील पुढंच बसला होता, रजिस्टर त्याच्या मांडीवर होतं. त्यानं सवयीनं पानं उलटली. पुढं, मागं, परत पुढं.

"सर, तुमचं नावच न्हाय की हो ह्यात."

"तीन वर्षं," रूपाली म्हणाली. "रोज वळणावर उभं असता. किती मिनिटं झाली तुमची?"

एका क्षणापुरतं तिला वाटलं, बसलं. प्रसेनजीतच्या तोंडावर काहीतरी हललं. मग तो माइककडं वाकला.

"आता कुस्तीच्या पंचानंबी लंगोट घालून आखाड्यात उतरायचं व्हय?"

मंडप फुटला. माणसं खुर्च्यांवर हात आपटून हसली. शिट्ट्या झाल्या. मागून कुणीतरी "नाद खुळा, सर!" असं ओरडलं आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या चोवीस जूनच्या टाळ्यांपेक्षा जोरात होत्या, कारण या वेळी सगळे बसलेले होते. प्रसेनजीतही हसत होता, मान हलवत, बायकोचं कौतुक असल्यासारखा. बघा, घरात किती विनोदी वातावरण आहे आमच्या.

आठ पंचवीस.

रूपालीनं एक ताटली घेतली. त्यात दोन डाव पोहे वाढले, वर कोथिंबीर घातली, लिंबाची फोड ठेवली. टेबलामागं एक प्लास्टिकची खुर्ची होती. ती तिच्यावर बसली आणि खायला लागली.

टाळ्या विरळ झाल्या. धैर्यशील उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, सत्काराचे पाहुणे राहिलेत अजून. आधी त्यांना तेवढं…"

"माझी सुई झालीया."

"व्हय, पण दोन मिनिटांनी काय…"

"धैर्यशीलदादा," सोनूबाई म्हणाली, "बाजूला सरा. न्हाईतर डाव हाय हातात."

माइकवरून प्रसेनजीत म्हणाला, "रूपाली, आधी पाहुण्यांचं बघ." आवाज कर्ण्यातून बाहेर रस्त्यापर्यंत गेला. तिनं मान वर केली नाही. पोह्यात शेंगदाणे कमी पडले होते. पावसानं गारठलेली साठ माणसं नारिंगी टी-शर्टमध्ये ओळीनं उभी राहिली, हातात रिकाम्या ताटल्या घेऊन. पुढं सरकायला जागा नव्हती आणि मागं जायला कुणी तयार नव्हतं. सोनूबाईनं डाव पातेल्यात उभा ठेवला आणि ती पण हाताची घडी घालून थांबली.

रूपालीनं पहिली ताटली संपवली. मग शिरा सोडून, परत एक डाव पोहे घेतले. घास नीट चावून खाल्ला. घाम कमी होत होता, तेवढं तिला कळलं. बाकी कडू होतं तोंड, आणि ते पोह्यांनी जात नव्हतं.

प्रसेनजीत ज्या हायस्कुलात तीस वर्षं होता, तिथं खेळाचा तास चाळीस मिनिटांचा असे.